इम्प्लांटआधी आईची मिसरी

मंडळी, आज आईला दाताच्या इम्प्लांटसाठी भडगावहून जळगावला नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता का?" आई ठामपणे म्हणाली, "नाही."

मी म्हणाले, "पण ती रोज मिसरी लावते."

आई रागावली. "मिसरी काय तंबाखू शे का?"

"अक्का, मिसरी तंबाखू भाजूनच करतात," डॉक्टर म्हणाले. "ती सुरू राहिली तर जबड्याच्या हाडात इम्प्लांटचा स्क्रू पक्का न बसण्याचा धोका वाढतो. आधी मिसरी सोडा, हिरड्या बऱ्या होऊ द्या, मग बसवू."

घरी आल्यावर आईने मिसरीची डबी स्वतःहून माझ्या हातात दिली. म्हणाली, "माले भाकर चावनी शे."

इम्प्लांट करणार असाल तर शुगर, चालू गोळ्या, तंबाखू, मिसरी, सगळं डॉक्टरांना आधीच सांगा. तुमच्या घरी कुणी मिसरी सोडली असेल, तर कशी सोडली?