राहुकालात झोपलेली स्क्रिप्ट

भीमसेनचा दिवस पहाटे चारला सुरू होई. त्याला कधी कोणी हाक मारून उठवावे लागले नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतून तो डबा घेऊन निघे आणि पापनाशमची पहिली बस धरी. तिथल्या भातगिरणीत तो फिटर होता.

यंत्र उघडण्याआधी तो लांब पेचकसाचे टोक बेअरिंगवर टेकवी आणि मूठ कानाला लावी. चांगले बेअरिंग एका सुरात गुणगुणते. मरायला टेकलेले मधेच खरडते. खरड ऐकू आली की ते त्याच दिवशी बदलायचे. उद्यावर टाकणाऱ्या माणसाला तो हाताखाली ठेवत नसे.

त्याची बायको धनलक्ष्मी बरीच वर्षे त्याच गिरणीत चाळणीवर होती, साल काढणाऱ्या कर्कश यंत्राला लागून. भीमसेन कानांत कापूस घाली. "नवी नवरी आली बघा कान झाकून," असे म्हणत चाळणीवरच्या बायका हसत. धनलक्ष्मीही हसे. तिने कापूस कधी घातला नाही. तिचे कान गिरणीतच राहिले.

आधी दूध उतू जाऊ लागले. मग दारावरचा भाजीवाला ओरडून परत जाऊ लागला. एकदा बाजारात बस तिच्या पाठीशी येऊन करकचून थांबली. ड्रायव्हर भोंपू वाजवून थकला होता. समोरच्या लोकांचे हात हलताना दिसले, म्हणून ती वळली. घरी येऊन तिने कढीपत्ता निवडायला घेतला. पाने जमिनीवर पडत होती आणि काड्या ताटलीत. भीमसेनने ते पाहिले आणि तिला डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांना यंत्रे लावा, आणि लवकर लावा. फार काळ ऐकले नाही तर माणूस शब्दच विसरतो. दोन यंत्रांची किंमत ऐकून भीमसेनने बोटांवर हिशेब केला. मजुरीतून बाजूला टाकलेले पैसे होते, पण ते एका यंत्राच्या किमतीपेक्षा फारसे जास्त नव्हते.

त्यांची मुलगी कीर्तना एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. रुपया-डॉलरच्या वायद्यांवर आपोआप सौदे करणारी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाचा छोटा प्रोग्राम, ती फावल्या वेळात लिहीत होती. दोन यंत्रांपुरते वाढवायला म्हणून भीमसेनने तिला ते पैसे देऊ केले, तेव्हा ती घाबरली.

"अप्पा, हमखास नफा देते म्हणून कोणी स्क्रिप्ट दाखवली, तर तो चोर समजा. माझीही काही देईलच असं नाही."

"पट्टा ताणून बसवलास ना नीट?"

"बसवला. आधी खोट्या पैशांवर चालवते. एक पूर्ण पावसाळा."

तिने तसेच केले. ती कामाला पक्की होती. ते भीमसेनला आवडे. जुन्या भावांवर स्क्रिप्ट तपासताना ती दलाली आणि कर वजा करी, कारण कागदावरचा नफा तिथेच गळतो. एक ऑर्डर गेली की तिची पोच आल्याशिवाय दुसरी सोडायची नाही. नेट तुटून परत आले तर आपल्या आठवणीवर विसंबायचे नाही. हातात काय आहे ते आधी दलालाच्या सर्व्हरला विचारायचे. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहायचा नाही, फोनवरही नाही. भीमसेनच्या फोनवर तिने फक्त बघायची खिडकी ठेवली. सौदा मोडायचा तर घरच्या लॅपटॉपवरची लाल कळ दाबायची. ती धनलक्ष्मीलाही दाखवून ठेवली होती. आणि तोट्याला मर्यादा: एवढा गेला की विकून बाहेर.

"ती मर्यादा कोण बघतं?" भीमसेनने विचारले.

"स्क्रिप्टच बघते. क्षणाक्षणाला भाव विचारते."

"मग एक राहिलं. राहुकाल."

स्वयंपाकघरात रोज फाडायच्या तारखांचे कॅलेंडर होते आणि त्यावर राहुकाल छापलेला असे. त्या दीड तासात या घरात कोणी नवी साडी नेसत नसे की प्रवासाला निघत नसे. भीमसेन गिरणीतही नवा पट्टा राहुकालात चढवत नसे.

"संगणकाला कसला राहुकाल, अप्पा?"

"पैसे संगणकाचे आहेत का? राहुकालात असकं बंद ठेव. सगळं."

कीर्तनाने मान हलवली. वार आणि वेळा घालून तिने स्क्रिप्टच्या अगदी वरती एक अट टाकली: राहुकाल असेल तर काही करू नकोस. सोपे काम होते. दोघांनी कॉफी घेतली.

खऱ्या पैशांवर स्क्रिप्ट सुरू झाली. थोडे येई, थोडे जाई, पण एकंदरीत वाढत होते. थोड्या पैशांवर मोठा सौदा उभा राहतो. रुपया बोटभर हलला की खात्यात हातभर हलते. हे कीर्तनाने बजावले होते. भीमसेनला ते पटले होते, पण खाते हातभर वर जातानाच त्याने पाहिले होते. गिरणीत पट्टा सुरळीत फिरत असला की माणसे त्याच्या अगदी जवळून चालतात. बोटे जातात ती अशाच दिवशी.

तो शुक्रवार होता. शुक्रवारचा राहुकाल साडेदहा ते बारा. त्याच्या जरा आधी स्क्रिप्टने सौदा घेतला.

गिरणीत भुशाची धूळ असते, म्हणून फोन फाटकावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवत. चहाला बाहेर आल्यावर भीमसेनने खिडकी उघडली. वर लिहिले होते: राहुकाल, शांत. त्याला बरे वाटले. मग त्याची नजर खालच्या आकड्यावर गेली. कुठलीतरी बातमी आली होती आणि भाव उलटा पळत होता. मर्यादा केव्हाच ओलांडली होती. स्क्रिप्ट हलत नव्हती. तो बघत असतानाच आकडा आणखी खाली गेला.

त्याने कीर्तनाला फोन लावला. तिचा फोन वर्गाबाहेर कपाटात होता. पुन्हा लावला. मग त्याने घरी लावला. धनलक्ष्मी लॅपटॉपपासून चार पावलांवर असणार. लाल कळ तिला माहीत होती. फोन वाजत राहिला. तो कानाला धरून भीमसेन उभा होता आणि त्याला कळत होते की ती घरातच आहे, फोन तिच्या पाठीमागे वाजतो आहे, आणि ती तांदूळ निवडते आहे.

"काय झालं ओ? तोंड पांढरं पडलंय," फाटकावरचा सुरेंद्र म्हणाला.

"मोपेड दे."

"राहुकालात निघताय? तुम्ही?"

"दे म्हणतो ना!"

कालव्याच्या कडेकडेने तो तंजावूरकडे सुटला. दोन्ही बाजूंनी भाताची हिरवी शेते, वारा पडलेला, बगळेसुद्धा जागचे हलत नव्हते. फोन खिशात होता. तो काढून बघायची त्याची छाती झाली नाही.

घरात शिरला तेव्हा धनलक्ष्मी खरेच सूप घेऊन बसली होती. त्याला पाहून ती दचकली. तो लॅपटॉपकडे धावला आणि बोट लाल कळीवर नेले. त्याच क्षणी बारा वाजले. बोट टेकायच्या आत स्क्रिप्ट जागी झाली, भाव विचारला, मर्यादा ओलांडल्याचे पाहिले आणि इमानाने सगळे विकून टाकले. त्या सकाळचा सर्वांत वाईट भाव होता तो.

कीर्तना आली. तिने स्क्रिप्ट उघडली, वरची ओळ वाचली आणि डोके धरले.

"आत शिरायची आणि बाहेर पडायची वाट मी एकाच दाराआड ठेवली. राहुकालात नवा सौदा नको, एवढंच हवं होतं. विकायची ऑर्डर तरी बाजारातच आधी लावून ठेवायची, म्हणजे स्क्रिप्ट झोपली तरी ती जागी राहते. माझी चूक, अप्पा."

"असकं बंद म्हणालो मी," भीमसेन म्हणाला. "यंत्र थांबवायची दोरी कोणी कुलपात ठेवली, तर मी त्याला गिरणीबाहेर काढला असता."

धनलक्ष्मी दोघांच्या ओठांकडे बघत होती. तिला लिहून सांगावे लागले. तिने वाचले आणि थोडा वेळ सुपातले तांदूळ पाखडले.

"राहूला नुसतं डोकंच असतं," ती म्हणाली. "हात नाहीत. विकणार कसा तो?"

कोणी हसले नाही. मग कीर्तना हसली आणि लगेच रडू लागली.

खाते बंद केले. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला भीमसेन उठला आणि पहिल्या बसने गिरणीत गेला. उरलेल्या पैशांत त्याने पावसाळाभर जादा पाळ्यांची मजुरी घातली. तोवर धनलक्ष्मीचे काही शब्द गेले होते. वाटीला ती "ते" म्हणू लागली होती.

डॉक्टरांनी विचारले, यंत्र कुठल्या कानाला?

"उजव्या," ती म्हणाली. "रस्त्याला गाड्या उजवीकडून येतात." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही डावीकडेच बसा. तुमचं मला तोंड बघून कळतं."

भीमसेनने खिशातून पैसे काढले आणि एका कानाचे यंत्र घेतले.