कापलेला हात

“बाबा, तुम्ही राष्ट्राध्यक्षांचा हात कापलाय!” सून ओरडली.

“बोटंच गेलीत. खून पडल्यासारखी ओरडू नकोस.”

“पेन धरलेली बोटं! तीही बारा फोटोंमधली. मी सकाळीच सांगत होते, हा फोटो रुंद आहे, माप घ्या म्हणून.”

तसबिरी मढवणारा म्हातारा हातातल्या पट्टीकडे बघू लागला. तीस वर्षांची लाकडी पट्टी लावून त्याने बाराही फोटोंवर एका दमात पातं फिरवलं होतं. सरकारी कचेऱ्यांत लागणारे सहा राष्ट्राध्यक्ष त्याने याच पट्टीने कापले होते. या सातव्या बाई मात्र टेबलावर ऐसपैस हात पसरून बसलेल्या.

“नशीब, मान वाचली,” आतून त्याची बायको म्हणाली.

सुनेने छापखान्याला फोन करून नवे फोटो मागवले आणि जमिनीवर बसून काचा पुसायला घेतल्या. दोन वर्षं ती तिथेच बसत होती. खिडकीपाशी कापायचं टेबल होतं, ते म्हाताऱ्याचं. तिने दोनदा मागून पाहिलं होतं. ती जागा सोडली तर आपण घरात नुसते जेवायला उरू, या भीतीने त्याने दोन्ही वेळा ऐकू न आल्यासारखं केलं होतं.

तो कचेऱ्यांतून आलेल्या जुन्या चौकटींतून सहाव्या राष्ट्राध्यक्षाला काढायला लागला. आजवर त्याने फोटोंच्या कडाच पाहिल्या होत्या. आज पहिल्यांदा चेहऱ्याकडे नजर गेली.

“काय गं, हे लोक नेमकं करतात तरी काय?”

सून लग्नाआधी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. तिचा राग निम्मा उतरला. “कायद्यावर सही करतात. पटलं नाही तर फेरविचाराला परत पाठवतात.”

“आणि तोच पुन्हा आला तर?”

“मग करावीच लागते सही.”

“म्हणजे यांच्यासारखंच,” बायको दारात आली. “आधी नाही म्हणायचं, मग मुकाट्याने करायचं.”

“तू थांब गं,” म्हातारा बायकोला म्हणाला आणि सुनेकडे वळला. “आणि या कामाला माणूस कसा लागतो?”

“कुणा एकाचा नसलेला,” सून म्हणाली. “दुसऱ्याचं ऐकून घेणारा.” ती काच उजेडात धरून थांबली. “आणि मुदत संपली की खुर्चीवरून उठणारा. तेच जड जातं म्हणे.”

“हा उठला?” त्याने सहाव्याला वर धरलं.

“उठले की. स्वतःची पेटी स्वतः उचलून निघाले. आता गावाकडे मुलांना गणित शिकवतात.”

“अस्सं? गणित?” म्हातारा बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिला.

संध्याकाळी नवे फोटो आले. त्याने पट्टी उचलली, फोटोवर ठेवली आणि परत काढून घेतली. फोटोंना हात न लावता तो हातपाय धुऊन जेवायला बसला.

“उद्यापासून कापायचं टेबल हिचं,” तो म्हणाला. “खिळे मी ठोकीन. वाढा आता.”