काळ्या कडेचं यीस्ट

यशवंत मोघे हिंदी मुलखातल्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होते, पण नव्या शिक्षकांना ते प्राचार्य वाटत, कारण वागायचे तसंच. मी जीवशास्त्र शिकवायला रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला मायक्रोस्कोपसमोर बसवलं आणि विचारलं, "मॅडम, काय दिसतंय?"

मी ऐटीत म्हटलं, "पेशी."

"हवेचा बुडबुडा आहे. जाड काळी कड आणि आत काही नाही. मुलांच्या आधी तुम्ही शिकून घ्या."

एमएस्सीला पहिला वर्ग मिळवून आलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तो चांगला दोन वर्षं टिकला.

मोघेकाका मूळचे उज्जैनचे. बरखेड्यात मुलाच्या, समीरच्या क्वार्टरमध्ये राहायचे. शाहपुऱ्याच्या तलावावर लोक तब्येतीसाठी फिरायला जात, काका शेवाळासाठी. जॅमच्या बाटलीत हिरवा गाळ भरून स्कूटरवरून शाळेत आणायचे. ओल्या पावावर डबा पालथा घालून बुरशी वाढवायचे, आणि दह्यातले जिवाणू काचपट्टीवर निळे रंगवून दाखवायचे. मुलांनी वहीत पुस्तकातली आकृती उतरवली की त्यावर लाल फुली मारायचे. तो अधिकार त्यांचा नव्हता, माझा होता. "पुस्तकातलं नको. दिसतंय ते काढा," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

पुढे त्यांनी मायक्रोस्कोपच्या डोळ्याला रबराची नळी लावून त्यातून फोटो काढायचं जमवलं. जवाहर चौकातल्या एका प्रकाशकाने, जो शाळांसाठी तक्ते आणि गाइडं छापायचा, त्यांचे चाळीस फोटो घेतले. जिवाणू, बुरश्या, शेवाळं. तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात 'छायाचित्रे : य. मोघे' असं आलं. काकांनी तो तक्ता प्रयोगशाळेत लावला आणि आठवडाभर कुणालाही त्याच्याखालून नुसतं जाऊ दिलं नाही.

त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ज्याला दिसत नाही त्याला प्रयोगशाळेत कोण ठेवणार, ऑफिसात रजिस्टरं लिहायला बसवतील, या भीतीने त्यांनी तो घरच्यांपासूनही लपवला. आठ वर्षं तसेच रेटत राहिले. शेवटी समीरने धरून नेऊन ऑपरेशन करवलं.

डोळे बरे होऊन आले त्या सकाळी ते तक्त्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, स्वतःचं नाव वाचतायत. मी चेष्टेने म्हटलं, "काका, स्पेलिंग बरोबर आहे हो."

ते म्हणाले, "मॅडम, हे यीस्ट नाही."

तेरावा फोटो. 'यीस्ट : मुकुलन.' मोठ्या गोल पेशीला कोंब फुटावा तसा लहान गोल चिकटलेला. मी जवळ जाऊन पाहिलं. दोन्ही गोलांना जाड काळी कड होती आणि आत काही नव्हतं. हवेचे दोन बुडबुडे होते ते, एक मोठा आणि त्याला टेकलेला एक लहान.

काका त्याच दुपारी जवाहर चौकात गेले. मीही बरोबर गेले. प्रकाशकाचा मुलगा प्रतीक आता दुकान बघायचा. त्याने चहा मागवला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अंकल, आठ साल में एक भी टीचर ने नहीं टोका. आप क्यों परेशान हो रहे हो?"

त्या टीचरांत मी होते. आठ वर्षं मी तो फोटो काठीने दाखवून यीस्ट शिकवलं होतं.

"फोटो बदलता येत नसेल तर माझं नाव तरी काढा," काका म्हणाले. पुढच्या आवृत्तीत प्रतीकने शब्द पाळला. नाव निघालं, फोटो राहिला. उलट कुणीतरी त्यात जांभळा रंग भरल्यामुळे तो जास्तच उठून दिसू लागला.

मग शाळेत भिंतीएवढा डिजिटल बोर्ड आला. त्यात प्रतीकचाच चित्रांचा संच होता. मायक्रोस्कोप कपाटात गेले आणि काका निवृत्त झाले. निरोपाला शालीऐवजी त्यांनी भंगारात निघालेला एक मायक्रोस्कोप मागून घेतला. पुढची तीन वर्षं तो पिशवीत घालून ते शाळा-शाळांत जात राहिले. खरं यीस्ट दाखवत आणि तो फोटो चुकीचा आहे म्हणून सांगत. लोक त्यांना खुर्ची देत, पाणी देत, आणि मग आपल्या तासाला निघून जात. फक्त एका बाईंनी मनापासून विचारलं होतं, "लेकिन सर, एग्ज़ाम में क्या लिखवाएँ?" काका मायक्रोस्कोप पिशवीत भरू लागले.

त्यांची नात तन्वी बारावीला माझ्याच वर्गात होती. घरी काकांनी तिला कोमट साखरपाण्यात बेकरीतलं यीस्ट घालून, खरे कोंब फुटताना दाखवले होते. सराव परीक्षेत डिजिटल बोर्डावर तेरावा फोटो आला. सगळ्या वर्गाने 'यीस्ट' लिहिलं. तन्वीने लिहिलं, 'हवेचा बुडबुडा', आणि खाली दोन ओळींत कारण.

मी तिला शून्य दिलं. उत्तरसूचीत यीस्ट होतं, उत्तरपत्रिका पुढे प्राचार्यांकडे जाणार होत्या, एकीला सूट दिली तर बाकीचे विचारतील. कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. सगळी भित्री होती आणि मला ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी काका तन्वीला घेऊन आले. मी बोलणी खायच्या तयारीत बसले होते. खरं सांगायचं तर मला ती हवीच होती.

त्यांनी एवढंच विचारलं, "बोर्डाच्या प्रॅक्टिकललाही हाच फोटो येतो?"

"येतो, काका. बाहेरून येणारे परीक्षकही हाच संच वापरतात."

 ते नातीकडे वळले. "तन्वी, यीस्ट लिही."

"पण आजोबा, तुम्हीच तर..."

"आणि कोंबाला बाण काढून मुकुलन लिही. त्याचा अर्धा मार्क असतो."

"और जो दिखता है, वो?"

काका म्हणाले, "ते इथे नको." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी इतकी मेले नसते.

तन्वीला प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी गुण मिळाले. निकालानंतर मी बरखेड्याला गेले. तिच्या आईने पेढा दिला. मायक्रोस्कोप कपाटावर होता, जुन्या उशीच्या अभ्र्यात. मी म्हटलं, "काका, काढा की खाली. कितीतरी दिवसांत यीस्ट पाहिलं नाही."

"उजेडाचा आरसा गेलाय त्याचा," ते म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. अभ्र्याच्या फटीतून मला आरसा दिसत होता. चांगला स्वच्छ होता.

त्याला आता दोन वर्षं झाली. काका आहेत, बरे आहेत, शाहपुऱ्याला जात नाहीत. जुलैत मी नव्या वर्गाला तेरावा फोटो दाखवला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅम, इसका किनारा इतना काला क्यों है? अंदर तो कुछ है ही नहीं. ये बबल है क्या?"

वीस वर्षांत कुणी न शिकवता असं विचारणारी ती माझ्या वर्गातली पहिलीच. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

"यीस्ट है," मी म्हटलं. "लिख लो."

तिने खाली बसून लिहून घेतलं.