न हलणारी पत्रिका

आमच्याकडे लग्नात मुहूर्त चुकला तर चालतो, पत्रिकेत नाव चुकीच्या जागी आलं तर चालत नाही. मोहन्याच्या आसपासच्या गावांत यावरून सख्खे भाऊ वर्ष-वर्ष बोलत नाहीत.

थोरल्या नणंदेच्या लग्नात पत्रिका पहिल्यांदा कॉम्प्युटरवर केली. धाकटा दीर डोंबिवलीला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. त्याने घरी छान मांडली, पण कल्याणच्या प्रेसमधल्या कॉम्प्युटरवर अक्षरं बदलली, ओळी घसरल्या. आत्याचे यजमान थेट "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" म्हणणाऱ्या पोराटोरांत जाऊन बसले. मामंजींना मात्र देव सापडला. जो कोणी रुसून येई त्याला ते सांगत, "कॉम्प्युटरने हलवलं!" ज्यांना मुद्दाम खाली घातलं होतं त्यांनाही हेच. सगळे कॉम्प्युटरला शिव्या देऊन जेवून गेले.

दिराला ते लागलं. धाकटीच्या लग्नापर्यंत त्याने एक प्रोग्राम लिहिला. मी भाकऱ्या थापत असले की चुलीपाशी येऊन समजावायचा. मी चौथी शिकलेली आणि मुखदुर्बळ, मधे बोलणार नाही याची त्याला खात्री. कोणीतरी आधीच करून ठेवलेल्या प्रोग्रामांचा गठ्ठा असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. तो आपल्या प्रोग्रामला जोडला की टाइप केलेल्या मजकुराचं असं पान बनतं, की अक्षर जिथे ठेवलं तिथेच राहतं, कुठल्याही कॉम्प्युटरवर न्या.

"वहिनी, आता ब्रह्मदेव आला तरी ओळ हलणार नाही."

नाहीच हलली. पत्रिका पुस्तकासारखी एका घडीची. बाहेरच्या पानावर गणपती आणि त्याखाली सासूबाईंचे भाऊ. आत डाव्या पानावर नवरा-नवरी, उजव्या पानावर थोरले काका आणि त्यांचा गोतावळा. सासूबाईंनी भावाला वर घेतलं होतं आणि मामंजींची हूं की चूं करायची हिंमत नव्हती.

काका पत्रिका घेऊन तणतणत आले. मांडव त्यांच्याच खळ्यात पडायचा होता. आमच्या दारात चार खाटा मावत नव्हत्या.

"माजा नाव आत कसा गेला रं?"

मामंजी लगेच म्हणाले, "दादा, कॉम्प्युटरने हलवलं."

दीर ताठ झाला. "हलूच शकत नाही, काका! जिथे ठेवलं तिथेच छापलंय. नवीन प्रोग्राम आहे माझा."

"गप रे मेल्या," सासूबाई पुटपुटल्या.

"म्हंजे मना मेवण्याच्या मांगं तूच बसवलास?" काका भावाकडे वळले. "मग मांडव घाल तुज्या कम्पुटरवर!"

नवरी आत रडायला लागली. मी चहा गाळत होते. चुलत सासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं, आताही उघडणार नव्हते. फळीवरची एक पत्रिका घेतली, घडी उलटी घातली, आतली बाजू बाहेर. काका वर आले, नवरा-नवरी पाठीमागे, गणपती आणि मामा आत. ती कपाखाली ठेवून ट्रे काकांपुढे केला.

काकांनी कप उचलला. पत्रिका पाहिली, उलटवली, पुन्हा पाहिली. चहा बशीत ओतून सावकाश प्यायले.

"बांबू कवा आणतंस?" त्यांनी भावाला विचारलं.

मग आम्ही बायका दुपारभर ओटीवर बसून सगळ्या पत्रिकांच्या घड्या उलट्या घालत होतो. दीर तोंड पाडून समोर बसलेला. सासूबाई म्हणाल्या, "बघतोस काय? तुझं अक्षर नाही ना हललं? मग घाल घड्या."

त्यांच्या भावाकडे पत्रिका द्यायला त्या स्वतः गेल्या. त्या एकीची घडी मी पुन्हा सुलटी करून दिली होती.

नवऱ्याकडच्या एका म्हातारीने मांडवात विचारलं, "नवरा-नवरी मागच्या बाजूला, ही तुमच्याकडची पद्धत का हो?"

"जुनी आहे," मामंजी म्हणाले आणि काकांना आणखी एक जिलेबी वाढली.