डोळ्यातला ठिपका

नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आल्यापासून ती मागच्या खोलीत लोकांची कुत्री-मांजरं रंगवायची. फोटोवरून नाही, जनावर समोरच हवं. डोळ्यातला पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी. तो दिला की चित्र संपलं.

एका मालकीणबाईंनी आपला म्हातारा कुत्रा आणून सोडला तेव्हाच सांगून टाकलं, "चित्र झालं की डॉक्टरांना बोलावणार आहे, शेवटची सुई द्यायला. हल्ली कुठेही करून ठेवतो हो. नवा गालिचा आहे."

कुत्रा मजेत जेवत होता, हाक मारली की शेपटी हलवत होता. मरायला मुळीच टेकला नव्हता. मग ती काढलेला कान पुसायची, पुन्हा काढायची. बाईंचा फोन आला की म्हणायची, "रंग वाळत नाहीये अजून."

भावजय फरशी पुसून वैतागली. "वन्सं, एक आयतं खाणारं होतंच घरात. आता जोडीला दुसरं!"

भावाने पेपरातून डोकं वर काढलं नाही.

एक दिवस ती औषधाच्या दुकानातून परतली, तर बाई दिवाणखान्यात हजर. मांडीवर चित्र.

"मीच बोलावलं," भावजय म्हणाली. "एवढ्याशा ठिपक्यासाठी अडवून ठेवलं होतंत. दिला मी!"

ठिपका अगदी जागच्या जागी पडला होता.

"कसा बघतोय माझ्याकडे!" बाईंचे डोळे भरून आले. कुत्रा त्यांचे पाय चाटायला गेला, तसं त्यांनी त्याला पायानेच बाजूला सारलं.

"मी ठेवून घेते त्याला," ती म्हणाली.

"कुठे? माझ्या डोक्यावर?" भावजय हसली.

बाईही हसल्या. "तुम्ही चलाच बरोबर. तुमच्यापाशी गप्प बसतो ना? सुई देताना त्याला धरायला कुणीतरी लागतंच. मला नाही बाई बघवत."

ती "नाही" म्हणणार होती. पण मग त्याला दुसऱ्या कुणी धरलं असतं, दाबून.

बाईंच्या घरी न्हाणीघरात ती फरशीवर बसली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. डॉक्टरांनी सुई भरली. कुत्र्याने तिचा हात चाटला आणि निवांत डोळे मिटले.

"अहो चित्रकारबाई," बाहेरून बाईंचा आवाज आला. खिळ्यांचा डबा खुळखुळला. "चित्र सोफ्याच्या वर लावू की दारासमोर?"

तिच्या मांडीवरचं डोकं जड होत गेलं.

"ऐकताय ना?"

"दारासमोर," ती म्हणाली. "येता-जाता बघेल तुमच्याकडे."