बारवेतली हाक

माझं लग्न होऊन मी जानेफळजवळच्या त्या गावात आले, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात थोरल्या जाऊबाईंची एकुलती एक पोर गावच्या जुन्या बारवेत बुडून गेली होती. मी तिला पाहिलंही नाही. जाऊबाई मात्र रोज भर दुपारी बारवेच्या काठावर उभ्या राहून हाक मारायच्या, "पोरी ओऽऽ!" खालच्या दगडी ओवरीतून आवाज घुमून यायचा, "ओऽऽ." पोर ओ देते म्हणायच्या, आणि घरी येऊन धड जेवायच्या. तेवढ्या आवाजावर बाई जगत होती. घरात तिला काही बोलायची कुणाची टाप नव्हती.

महाराष्ट्र तेव्हा नवानवा झाला होता. बारव पुरातन, म्हणून तिच्या दुरुस्तीला सरकारी अनुदान मिळालं. सरपंच तर हवेतच. साहेब येऊन टेप लावून गेले, मग गवंडी आले. त्यांनी ओवरी दगड-चुन्यानं गच्च बुजवली आणि वर निळी पाटी ठोकली. फुटक्या पायऱ्या फुटक्याच राहिल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

त्या दुपारी जाऊबाईंनी हाक मारली. काहीच आलं नाही. पुन्हा मारली. घरी येऊन त्यांनी ताट सरकवलं.

"कोंडून टाकलं वं तिले त्याईनं," एवढंच म्हणायच्या. बाई वाळून काडी झाली. घरचे पुरुष म्हणायचे, होईल बरी. माझं डोकंच फिरलं. मग मीच त्यांच्या आधी घागर घेऊन बारवेत उतरायला लागले. पायऱ्यांच्या वळणाआड बसायचं, हाक आली की तोंडावर पदर धरून बारीक आवाजात ओ द्यायचा. जाऊबाई पुन्हा जेवू लागल्या. मला त्याची लाज तेव्हाही नव्हती, आजही नाही. भीती मात्र वाटायची. पाठीशी ती नवी भिंत असायची, आणि तिला कान लावावा असं सारखं मनात यायचं. मी कधी लावला नाही.

पुढं नांदुऱ्याहून भाऊ आजारी असल्याचा निरोप आला आणि मला माहेरी जावं लागलं. जीव सगळा इकडे. परतताना एसटीत एकच घोर, बाईनं अन्न सोडलं असणार.

जाऊबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. अंगानं भरलेल्या दिसल्या.

"जेवता ना, बाई?" मी विचारलं.

"हाव. काऊन नाही जेवणार? आता लय मोकळा ओ देते पोरगी. मधात तोंडावर फडकं धरल्यावानी यायचा."

त्यांनी भाकर उलटली.

"काल तर बोललीबी. म्हने, काकू काऊन नाही येऊन राह्यली?"

दुसऱ्या दिवशी दुपार झाली, तशी जाऊबाईंनी घागर घासून माझ्या हातात दिली.

"जाय," म्हणाल्या. "वाट पाहून राह्यली ते."