हेमचंद्रचे बत्तीस रकाने

लग्न होऊन प्रमोदिनी नागपूरच्या घरात आली, त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते, तेव्हा तिने ते भांडण ऐकलं. मुद्दाम ऐकलं असं नाही. ती स्वयंपाकघरात पन्हं गाळत होती आणि बाहेरच्या खोलीत सासरे नि नवरा. नव्या सुनेने कान झाकून घ्यावेत म्हटलं, तर दोन्ही हात कैरीत.

"दोन महिने झाले लेका, तुले कूलर आणाले सांगितला होता!"

"बाबा, पाहूनच राहिलो ना. एकाची मोटर चांगली आहे, तं टाकी पातळ. दुसऱ्याची टाकी बरी, तं आवाज करते."

"पाहता पाहता मिरग आला दारात! आता काय त्या कूलरमंदी मासोळ्या पाळू?"

"अन् घाईत घेतला असता, खराब निघाला असता, तं तुमीच म्हणसान…"

"खराब निघाला असता तं निदान वारा तं लागला असता दोन दिवस!"

प्रमोदिनीला हसू आलं, मग भीती वाटली. बापाचं खरं होतं आणि लेकाचंही खोटं नव्हतं. एक तिला त्या दिवशीच उमगलं, की आपल्याला निवडायला हा माणूस दीड वर्ष का घेत होता. तिला वाटलं होतं पत्रिकेत काही अडलं असेल.

असा हा हेमचंद्र. एकेचाळिसाव्या वर्षी बायको आणि सात वर्षांची गौरांगी यांना घेऊन कॅनडात आला आणि मिल्टनला मोटारीच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या कारखान्यात चिकटला. काम तपासनिसाचं. पट्ट्यावरून बिजागरी पुढे येणार, त्याने ती हातात घ्यायची, फिरवायची, आणि खोट असेल तर लाल पेटीत टाकायची. बावीस वर्षं ज्या माणसाला खोट काढायची पगारी सवय, तो घरी आल्यावर डोळे काढून खुंटीला कसे अडकवणार? सोफा घ्यायचा ठरला तेव्हा ही तिघं चौदा महिने घडीच्या खुर्च्यांवर बसली. पहिल्या हिवाळ्यात बर्फ ओढायचं फावडं निवडून झालं तोवर मार्च आला होता. आणि चुकून काही घेतलंच, तर पावती कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. तीस दिवसांत वस्तू परत करता येते, हा या देशाचा त्याला सगळ्यात आवडलेला रिवाज. टोस्टर तीनदा आला आणि तीनदा गेला. दुकानातली बाई त्याला नावाने ओळखायची.

गंमत अशी की दुसऱ्यासाठी याची नजर अगदी धारदार. मंडळाच्या गणपतीत आरती संपली, की प्रसादाआधी माणसं याच्याभोवती. "हेमचंद्रराव, डिशवॉशर कुठला घेऊ?" हा दहा मिनिटांत सांगायचा आणि ते जाऊन घेऊन यायचे. सगळ्यांची घरं याच्या सल्ल्याने भरली. याच्या घरात जागा भरपूर.

कारखाना घरापासून नऊ किलोमीटर. घरात गाडी एकच, आणि ती पहाटे पाचला गौरांगी उलट्या दिशेला घेऊन जायची. ती आता नर्स झाली होती, मार्कहॅमच्या एका हॉस्पिटलात. दुसऱ्या गाडीचं संशोधन चालू होतं, चार वर्षांपासून. मधल्या काळात पृथ्वीराज नावाचा त्याच खात्यातला एक सांगलीकडचा माणूस त्याला रोज गाडीतून न्यायचा. एप्रिलात पृथ्वीराजने सांगितलं, की मुलगा कॅलगरीला आहे, आम्हीही तिकडेच चाललो.

"मग तू कसा येणार रे?" त्याने विचारलं.

"बॅटरीची सायकल घेईन म्हणतो," हेमचंद्र म्हणाला. "अभ्यास चालूच आहे."

 पृथ्वीराजने हेमचंद्रच्या खांद्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवतात तसा.

अभ्यास खरंच चालू होता. बेसमेंटमध्ये कॉम्प्युटरवर तक्ता, आडव्या ओळीत एकोणीस सायकली आणि उभे बत्तीस रकाने. मोटर मागे की मधे, एका चार्जमध्ये किती लांब जाते, उणे दहात बॅटरी किती मरते, ब्रेक कसले, चाक किती रुंद. मंडळातल्या, मार्कहॅमला राहणाऱ्या उन्मेषने हाच तक्ता फोनवर ऐकून गेल्या वर्षीच सायकल घेतली होती. तळ्याकाठी उभा राहून तो दर रविवारी तिचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा. हेमचंद्र तो फोटो मोठा करून ब्रेकची तार बघायचा.

मे उजाडला. पृथ्वीराज गेला. शिफ्ट साडेसहाला आणि पहिली बस सातला. हेमचंद्र दोन आठवडे चालत गेला, पावणेपाचला निघून. एक दिवस पावसाने गाठलं, वीस मिनिटं उशीर झाला. ताकिदीचं पहिलं पत्र मिळालं. मग टॅक्सी लावून पाहिली. एका सकाळी ती आलीच नाही. दुसरं पत्र. त्याची सुपरवायझर शीला नावाची, गयानाकडची बाई, आजोबा-पणजोबा कधीकाळी हिंदुस्थानातून गेलेले. तिने त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "हेम, थर्ड लेटर लिहायची वेळ माझ्यावर आणू नकोस. त्यानंतर माझ्या हातात काही राहत नाही."

हे त्याने घरी जेवताना सांगितलं, बातमी वाचावी तसं. पासष्टीला दोन वर्षं उरलेली. त्रेसष्टाव्या वर्षी सुटलेल्या तपासनिसाला दुसरीकडे कोण घेणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"बाबा, जस्ट पिक वन!" गौरांगी म्हणाली. "एनी वन! मी ऑर्डर करते आत्ता."

"अशी नसते घ्यायची. चारवर आलोय मी."

"मागच्या महिन्यात तीनवर होता तुम्ही!"

"एक नवीन निघाली मधे."

गौरांगीने आईकडे पाहिलं. प्रमोदिनीने ताटातला भात एका बाजूला सारला आणि उठून बेसमेंटमध्ये गेली. तिला तक्त्यातलं इंग्रजी सगळं समजत होतं असं नाही, पण एकवीस वर्षं तिने डेकेअरमध्ये काम केलं होतं, दप्तरात काय राहिलं ते तिला बरोबर दिसायचं. ती रकान्यांवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली. मग जिन्याकडे तोंड करून म्हणाली, "अहो, यात डब्याचं कुठाय?"

"डबा?"

"डबा. तुमचा. जेवायचा."

हेमचंद्र खाली आला. आता हा डबा म्हणजे तीन पुडांचा स्टीलचा, नागपूरहून आलेला, कडी जरा सैल झालेली. खाली वरण, मधे भात, वर भाजी, आणि वेगळ्या गोल डबीत ताक. बावीस वर्षांत या माणसाने कारखान्याच्या कँटीनमधला एक घास खाल्ला नव्हता. त्याला साखरेचा आजार, जेवण वेळेवर आणि घरचंच लागतं. पृथ्वीराजच्या गाडीत तो डबा मांडीवर धरून बसायचा, लहान मूल धरावं तसा. टॅक्सीतही तसाच. चालत जातानाही हातात.

"पाठीवरच्या बॅगेत ठेवीन," तो म्हणाला.

"आणि वरण?"

"आई, टाईट लिडवाला प्लॅस्टिकचा घे ना एखादा," वरून गौरांगी.

"आणला होता मागे. गरम वरण भरलं की झाकण असं चिकटून बसतं, चमचा वाकवून उघडावं लागलं होतं यांना. त्या दिवशी उपाशी आले घरी."

हेमचंद्र तक्त्याकडे बघत उभा राहिला. बत्तीस रकाने त्याने जिवापाड भरले होते, आणि जी वस्तू रोज हातात धरून गेला तिचाच रकाना नव्हता. "हे राहिलंच," तो हळू आवाजात म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. "थांब, घालतो. एकोणीसच्या एकोणीस परत तपासाव्या लागतील. फार नाही, महिनाभर."

प्रमोदिनी वर आली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. नवरा पावणेपाचला चालत निघून गेला. दहा वाजता प्रमोदिनीने त्याच्या डब्याच्या जोडीचा दुसरा डबा भरला, वरण पातळ, ताक काठोकाठ. पर्स घेतली आणि बसने सायकलीच्या दुकानात गेली. दुकानाचे मालक पगडीवाले, साठीचे, सगळे त्यांना पाजी म्हणत. पाजी मोटर, बॅटरी, रेंज असं सांगू लागले. प्रमोदिनीने डबा काउंटरवर ठेवला.

"भैया, ये सीधा रहेगा क्या?"

"सीधा मतलब?"

"मतलब मैं रखती हूँ, आप चलाके दिखाओ. वो पार्किंग में जो उंचवटा है ना, उसके ऊपर से."

नागपूरच्या बाईचं हिंदी ऐकून समोरच्याला नाही म्हणता येत नाही, कारण आपण हो कधी म्हणालो तेच त्याला कळत नाही. पाजी पहिल्या सायकलीवर बसले. ती सडपातळ, देखणी, हेमचंद्रच्या चारांत पहिली. डबा मागे पट्ट्याने बांधला. पार्किंगमधून एक चक्कर, उंचवट्यावरून धप्प, आणि परत. प्रमोदिनीने झाकण काढलं. अर्धं ताक पाजींच्या पँटवर.

दुसरी जाड चाकांची. तिच्यावर ताक वाचलं, पण वरणाने भातात घर केलं. प्रमोदिनीने पिशवीतून बाटली काढून ताकाची डबी पुन्हा भरली. ती तयारीने आली होती.

"बहनजी," पाजी रुमालाने पाय पुसत म्हणाले, "तीस साल से दुकान है. लोग ब्रेक देखते हैं, बॅटरी देखते हैं. छाछ से टेस्ट करनेवाली आप पहली हैं."

"पहलीच रहूँगी," प्रमोदिनी म्हणाली. "वो कोने में कौनसी है?"

कोपऱ्यात एक शेवाळी रंगाची सायकल होती, गेल्या वर्षीची, कुणी न नेलेली. बुटकी, पाय उचलून ओलांडायला दांडा नाही, आणि पुढे चौकोनी खोल पेटी, सांगाड्यालाच पक्की बसवलेली. दिसायला भाजीची गाडी. हेमचंद्रच्या एकोणिसांत ती नव्हतीच. डबा त्या पेटीत ठेवला तर चारही बाजूंनी नीट टेकला. पाजींनी चक्कर मारली, उंचवट्यावरून एकदा गेले, मग स्वतःलाच हुरूप येऊन परत एकदा गेले. प्रमोदिनीने झाकण काढलं. ताक होतं तसं. वर लोण्याचा एक कण तरंगत होता, तोही मधोमध.

"यही," ती म्हणाली.

पैसे भरून झाल्यावर पाजी समजावू लागले, की तीस दिवसांत परत करता येते. प्रमोदिनीने हात वर करून त्यांना थांबवलं. पर्समधून हळदकुंकवाची डबी काढली, सायकलीच्या पुढच्या पेटीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हॅंडलला हळद लावली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि पाजींकडून हातोडी मागून घेऊन फुटपाथच्या कडेला नारळ फोडला. पाजींना अर्धी वाटी दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, आणि सायकल स्वतःच व्हॅनमधून घरी पोचवून दिली.

दुपारी हेमचंद्र घरी आला तो गॅरेजच्या दारातच थबकला. मग त्याने सायकलीभोवती फेऱ्या घातल्या. वाकला, उठला, ब्रेक दाबला, दिवा लावला. अर्ध्या तासाने घरात आला.

"अकरा खोटी आहेत."

"असतील."

"घंटा उजवीकडे आहे. स्टँड तोकडा आहे. मागचा दिवा बॅटरीवर नाही, सेलवर आहे. गेल्या वर्षीचा माल आहे हा!"

"बरं."

"पावती कुठाय?"

"पावती आहे. पण परत कशी करणार?" प्रमोदिनी पोळी लाटता लाटता म्हणाली. "कुंकू लागलंय तिला. नारळ फुटलाय. पुजलेली वस्तू कुणी परत देतं का हो?"

 देवाधर्माचं हेमचंद्रला फारसं काही नव्हतं, पण आईने पुजलेला पाटा तिच्या मागेही घरातून हलवलेला त्याने पाहिला नव्हता. तो पुन्हा गॅरेजमध्ये गेला. बराच वेळ आतून पान्याचा आवाज येत राहिला.

"अकरांतल्या सात दुरुस्त होतील," जेवताना तो म्हणाला.

"आणि चार?"

"चार राहतील."

सोमवारी तो पाच पन्नासला निघाला, डोक्यावर हेल्मेट, पुढे डबा. सहा वाजून पंधरा मिनिटांनी फाटकावर कार्ड लावलं. शीलाने सायकलीकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आमच्या आजीनेही ट्रॅक्टरला असंच केलं होतं."

तिसरं पत्र निघालं नाही. हिवाळ्यात त्याने खिळ्यांचे टायर लावले. रोज घरी आल्यावर बॅटरी काढून आत आणायचा आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली उबेला ठेवायचा. फार बर्फ पडला तर गौरांगी शिफ्ट बदलून सोडायची, दोन वर्षांत असं नऊ वेळा झालं. चार खोटी तशाच राहिल्या, त्या तो कुणी विचारलं तर सांगायचा, आणि विचारलं नाही तरी सांगायचा. मंडळात लोक विचारत, "मग ही शेवाळीच घेऊ का?" तो म्हणायचा, "नाही, तुम्ही दुसरी घ्या. हिच्यात चार खोटी आहेत."

गेल्या मेमध्ये, शुक्रवारी, तो निवृत्त झाला. दुपारी केक झाला, टाळ्या झाल्या. शीला म्हणाली, "हेम, आज लवकर जा घरी."

"आज शुक्रवार आहे," हेमचंद्र म्हणाला.

दर शुक्रवारी खात्यातली मोजमापाची हत्यारं पलीकडच्या इमारतीत द्यावी लागतात. मोजणारी मापंही झिजतात, त्यांचंही माप काढावं लागतं. त्याने एकोणीस हत्यारं फडक्याने पुसली, लाकडी पेटीत जिथल्या तिथे ठेवली, पेटी दोन्ही हातांत धरून आवार ओलांडलं. खिडकीतल्या बाईने मोजून घेतली आणि सवयीने म्हणाली, "मंगळवारी ये न्यायला."

"बरं," तो म्हणाला. पोचपावतीवरची तारीख एकदा तपासली, परत येऊन ती शीलाच्या टेबलावर स्टेपलरखाली ठेवली, आणि अडीच वाजता कार्ड लावून बाहेर पडला.